हर्पिस विषाणूविरुद्ध औषधी वनस्पतींच्या अर्काची चाचणी : नवोदितांसाठी मार्गदर्शन

औषधी वनस्पतीचा अर्क हर्पिसच्या विषाणूवर चालतो का, हा प्रश्न वरवर सरळ दिसतो. पेशींवर विषाणू सोडायचा, अर्क घालायचा आणि विषाणू वाढला की नाही ते पाहायचे, एवढेच काम आहे असे प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला वाटते. प्रत्यक्षात या प्रश्नाचे खोटे ‘हो’ मिळणे फार सोपे आहे. अर्कामुळे पेशीच मेल्या तर विषाणू वाढत नाही. अर्कातील टॅनिनने (वनस्पतींतील तुरट द्रव्याने) विषाणूच्या प्रथिनांना घट्ट धरून ठेवले तरीही तो वाढत नाही. आणि अर्काचा रंग मोजमापात मिसळला तर आकडाच चुकतो. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर ‘हा परिणाम विषाणूवर झाला की पेशीवर?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आहे.

विषाणूची तोंडओळख

येथे हर्पिस म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू, प्रकार १ आणि प्रकार २. मराठीत ज्या आजाराला नागीण म्हणतात तो हर्पिस झोस्टर होय. तो कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू त्याच कुळातील असला तरी वेगळा आहे. एखाद्या वनस्पतीचा ‘नागिणीवर उपयोग’ होतो अशी पारंपरिक नोंद वाचून ती सिम्प्लेक्स विषाणूवरील पुरावा समजणे ही नवोदितांची नेहमीची चूक आहे.

प्रकार १ मुळे मुख्यतः ओठांवर व तोंडात फोड येतात, तर प्रकार २ मुळे जननेंद्रियांवर. मात्र ही विभागणी काटेकोर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांमध्ये प्रकार १ चा संसर्ग आहे. विषाणूच्या केंद्रस्थानी सुमारे १,५२,००० बेसजोड्यांचा दुपदरी डीएनए असतो, त्याभोवती प्रथिनांचे कवच आणि सर्वांत बाहेर मेदाचे आवरण असते. आवरणावरील जीबी आणि जीसी ही ग्लायकोप्रथिने पेशीच्या पृष्ठभागावरील हेपरन सल्फेटला चिकटतात, जीडी पेशीवरील नेमक्या ग्राहक-प्रथिनाला पकडते, आणि मग जीबी व जीएच-जीएल यांच्या मदतीने आवरण पेशीपटलात विलीन होते. आत शिरल्यावर जनुके तात्काळ, पूर्व आणि उत्तर अशा तीन टप्प्यांत व्यक्त होतात. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण अर्क नेमका कोठे अडथळा आणतो हे शोधताना त्याचाच नकाशा उपयोगी पडतो.

तुलनेसाठी अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषध वापरतात. विषाणूचे स्वतःचे थायमिडिन कायनेज हे विकर त्याला पहिला फॉस्फेट जोडते, म्हणून ते संसर्ग झालेल्या पेशीतच प्रभावी होते आणि निरोगी पेशीला फारसे बाधत नाही. याच विकरात बदल झालेले विषाणू त्याला दाद देत नाहीत, आणि प्रतिकारशक्ती दुर्बल असलेल्या रुग्णांत असे विषाणू अधिक आढळतात. नव्या रेणूंचा शोध घेण्यामागे हे एक ठोस कारण आहे.

काम सुरू करण्यापूर्वी

हर्पिस सिम्प्लेक्सचे काम जैवसुरक्षा पातळी २ च्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या श्रेणीच्या जैवसुरक्षा कक्षात करतात. हातमोजे आणि डोळ्यांचे संरक्षण टाळू नये. हा विषाणू डोळ्याच्या पारपटलाला आणि बोटांच्या टोकांना संसर्ग करू शकतो. मेदाचे आवरण असल्यामुळे ७० टक्के इथेनॉल किंवा ताजे हायपोक्लोराइट त्याला सहज निष्क्रिय करते, आणि टाकाऊ वस्तू १२१ अंश सेल्सियसवर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी घेण्याचे काम लांबते, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात करावा.

वनस्पती दुसऱ्या देशातून किंवा एखाद्या समाजाच्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे घेतली असेल, तर नागोया करार (जैविक संसाधने वापरण्याची परवानगी आणि लाभाची वाटणी यांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) लागू होतो का ते आधी पाहावे. हा करार २०१० मध्ये स्वीकारला गेला आणि २०१४ मध्ये अंमलात आला. परवानगी नसताना मिळवलेला नमुना निकाल कितीही चांगला असला तरी पुढे वापरता येत नाही.

पायरी १ : वनस्पती आणि अर्क

वनस्पतीची ओळख वनस्पतीशास्त्रज्ञाकडून पटवून घ्यावी आणि तिचा वाळवलेला नमुना क्रमांकासह हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करावा. बाजारातील चूर्णावर काम करू नये. एका नावाखाली अनेक जाती विकल्या जातात, आणि तीन महिन्यांनी तेच चूर्ण पुन्हा मिळत नाही. कोणता भाग घेतला, कोणत्या महिन्यात घेतला, झाड फुलावर होते की नाही, हेही लिहून ठेवावे, कारण त्याच झाडाच्या साल आणि पानांच्या अर्कांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो.

भाग सावलीत किंवा ४० अंशांखालील भट्टीत वाळवून त्याची भरड पूड करावी. सर्वसामान्य सुरुवात म्हणून ७० ते ८० टक्के इथेनॉल किंवा मिथेनॉल घ्यावे, १ ग्रॅम पुडीस १० मि.लि. या प्रमाणात, आणि मधूनमधून हलवत २४ ते ७२ तास भिजवावे. गाळून घेतलेला द्रव रोटरी बाष्पीकरण यंत्रात कमी दाबाखाली, ४५ अंशांच्या आत आटवावा; उरलेले पाणी गोठवून सुकवण्याच्या यंत्रात काढावे. सुक्या अर्काचे वजन भागिले पुडीचे वजन गुणिले १०० हा उतारा नोंदवावा. जलीय अर्कही स्वतंत्रपणे करून पाहावा, कारण समुद्री शेवाळांतील सल्फेटयुक्त शर्करांसारखे विषाणूच्या चिकटण्याला रोखणारे मोठे रेणू अल्कोहोलमध्ये उतरतच नाहीत.

सुका अर्क उणे २० अंशांवर, प्रकाशापासून दूर ठेवावा. चाचणीसाठी तो डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात १०० मि.ग्रॅ. प्रति मि.लि. या प्रमाणात विरघळवल्यास हिशोब सोपा होतो : ५०० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. या तीव्रतेसाठी २०० पट पातळ करावे लागते आणि माध्यमात डीएमएसओ ०.५ टक्के उरते. यापेक्षा जास्त डीएमएसओ शक्यतो टाळावे, आणि अर्क नसलेल्या नियंत्रण विहिरींत (चाचणीच्या पट्टीतील लहान खळग्यांत) तेवढेच डीएमएसओ घालावे. जंतूविरहित करण्यासाठी ०.२२ मायक्रोमीटरची गाळणी वापरताना तिचा पडदा डीएमएसओला टिकणारा आहे याची खात्री करावी. सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पडदा त्यात विरघळतो आणि तो विरघळलेला पडदाच पेशींवर जातो. माध्यमात मिसळल्यावर अर्क गढूळ झाला किंवा तळाशी बसला तर वर लिहिलेली तीव्रता खोटी ठरते, म्हणून प्रत्येक पातळी उजेडासमोर धरून पाहावी. पीएच तपासावे, आम्लयुक्त अर्क माध्यमातील फिनॉल रेड या दर्शकाचा रंग पिवळा करतो आणि आम्लता एकटीच आवरणयुक्त विषाणूचे नुकसान करू शकते.

पायरी २ : पेशी आणि विषाणूचा साठा

या कामासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पेशी म्हणजे व्हेरो. जपानमध्ये १९६२ साली आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून ही पेशीमालिका तयार झाली. त्या हर्पिस सिम्प्लेक्सला सहज बळी पडतात आणि प्लाक (विषाणूने पेशी मारल्यामुळे थरात पडणारे मोकळे गोल) स्पष्ट दाखवतात. त्या ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये, ५ ते १० टक्के गर्भवासरू सीरम असलेल्या माध्यमात वाढवतात. चाचणीच्या वेळी सीरम २ टक्क्यांवर आणतात. पेशी कितव्या पिढीच्या आहेत याची नोंद ठेवावी आणि मायकोप्लाझ्माची (संवर्धनात नकळत वाढणाऱ्या अतिसूक्ष्म जिवाणूंची) तपासणी नियमित करावी. मायकोप्लाझ्माने ग्रस्त पेशी दिसायला ठीक असतात, पण निकाल दर आठवड्याला वेगळे देतात, आणि दोष मात्र अर्काला लागतो.

विषाणूचा साठा प्रमाणित प्रकारांपासून करावा. प्रकार १ साठी केओएस किंवा एफ, प्रकार २ साठी एमएस किंवा जी हे बहुतेकांना परिचित आहेत. कमी प्रमाणात, म्हणजे सुमारे १०० पेशींमागे एक विषाणूकण, असा संसर्ग करून पेशी गळू लागल्यावर गोळा करावे, गोठवून व वितळवून पेशीतील विषाणू बाहेर काढावेत, पेशींचा चोथा सेंट्रिफ्यूजमध्ये बसवावा आणि स्वच्छ द्रव छोट्या कुप्यांत उणे ८० अंशांवर ठेवावा. कुपी एकदा वितळली की ती पुन्हा गोठवू नये, कारण दर वेळी संसर्गक्षम कणांची संख्या घटते.

साठ्याची ताकद प्लाक चाचणीने मोजावी. समजा एक लाख पट पातळ केलेल्या साठ्याचे ०.२ मि.लि. विहिरीत घातले आणि ४८ प्लाक मोजले, तर मूळ साठ्यात प्रति मि.लि. ४८ भागिले ०.२ गुणिले १,००,००० म्हणजे २ कोटी ४० लाख प्लाक निर्माण करणारे कण आहेत. हा हिशोब हाताने दोन-तीनदा करून पाहावा. पुढे प्रत्येक प्रयोग याच्यावर उभा राहतो.

पायरी ३ : अर्क पेशींना किती बाधतो

विषाणूला हात लावण्यापूर्वी ही पायरी पूर्ण करावी. ९६ विहिरींच्या पट्टीत प्रत्येक विहिरीत साधारण १० ते २० हजार पेशी लावून दुसऱ्या दिवशी अर्काच्या दुप्पट-दुप्पट घटत्या पातळ्या घालाव्यात : ५००, २५०, १२५, ६२.५ मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. आणि त्याखाली. प्रत्येक पातळीला किमान तीन विहिरी हव्यात, आणि सारा प्रयोग वेगवेगळ्या दिवशी तीनदा व्हायला हवा. एकाच दिवशी लावलेल्या तीन पट्ट्या म्हणजे तीन स्वतंत्र प्रयोग नव्हेत.

येथे एका गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. प्लाक चाचणीत अर्क पेशींवर ४८ ते ७२ तास राहणार असेल, तर विषाक्तताही तेवढेच तास आणि तेवढ्याच सीरममध्ये मोजावी. २४ तासांची विषाक्तता आणि ७२ तासांची विषाणूविरोधी क्रिया यांची तुलना करून काढलेला कोणताही आकडा कागदावर उत्तम दिसतो, पण त्याला अर्थ नसतो.

मोजमापासाठी १९८३ पासून प्रचलित असलेली एमटीटी चाचणी सोपी आहे. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचे जांभळ्या फॉर्मझानमध्ये रूपांतर करतात, ते विरघळवून ५७० नॅनोमीटरवर शोषण मोजतात. वनस्पतीच्या अर्कासाठी मात्र ही चाचणी जरा फसवी आहे. फ्लेव्होनॉइड आणि इतर क्षपणक द्रव्ये पेशी नसतानाही एमटीटी जांभळे करतात, म्हणजे मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. हरितद्रव्याचा रंग शोषणात भर घालतो. यावर दोन उपाय आहेत. एमटीटी घालण्यापूर्वी अर्क काढून पेशी बफरने धुवाव्यात, आणि प्रत्येक पातळीसाठी पेशीविरहित, फक्त अर्क असलेली विहीर ठेवून तिचे शोषण वजा करावे. त्याशिवाय पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. आकुंचलेल्या, गोल झालेल्या किंवा रिकाम्या जागा सोडलेल्या पेशी डोळ्यांना दिसतात. यंत्राला त्या दिसतीलच असे नाही.

निम्म्या पेशी मारणारी तीव्रता म्हणजे सीसी-५०. ती तीव्रतेच्या लघुगणकावर चार घटकांचा वक्र बसवून काढावी, दोन बिंदूंमध्ये मोजपट्टी ठेवून नव्हे. विषाणूविरोधी चाचणी मात्र या संख्येच्या बऱ्याच खाली, पेशींना काहीही होत नाही अशा पातळीपासून सुरू करावी. पोडोफायलोटॉक्सिनसारखे रेणू पेशीविभाजनच थांबवतात. पेशी हळूहळू मरतात किंवा मंदावतात आणि विषाणूही मंदावतो. विषाक्तता नीट मोजली नाही तर असा रेणू सहज ‘विषाणूविरोधी’ ठरतो.

पायरी ४ : प्लाक घट चाचणी

ही मुख्य चाचणी आहे आणि नवोदिताने सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. सहा, बारा किंवा चोवीस विहिरींच्या पट्टीत पेशींचा सलग थर तयार झाला की माध्यम काढून प्रत्येक विहिरीत इतका विषाणू घालावा की नियंत्रण विहिरीत ५० ते १०० प्लाक यावेत. यापेक्षा कमी असतील तर योगायोगाचा भाग वाढतो; जास्त असतील तर प्लाक एकमेकांत मिसळतात आणि मोजणी अंदाजाने होऊ लागते. एक तास ३७ अंशांवर ठेवावे आणि दर १५ मिनिटांनी पट्टी हळूच हलवावी, नाहीतर मध्यभाग कोरडा पडून तेथील पेशी गळतात आणि त्या मोठ्या प्लाकसारख्या दिसतात.

नंतर न चिकटलेला विषाणू धुवून काढावा आणि अर्काच्या पातळ्या मिसळलेले मिथाइल सेल्युलोज किंवा कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचे घट्ट माध्यम वर ओतावे. त्यामुळे नवा विषाणू लांब न जाता शेजारच्या पेशींतच पसरतो आणि प्लाक तयार होतो. दोन ते तीन दिवसांनी फॉर्मॅलिनने पेशी स्थिर करून क्रिस्टल व्हायोलेटने रंगवाव्यात. जिवंत थर जांभळा आणि प्लाक पांढरे गोल असे दिसतात.

प्रत्येक पट्टीवर चार नियंत्रणे असावीत : फक्त पेशी; पेशी आणि विषाणू, अर्काशिवाय पण डीएमएसओसह; पेशी आणि सर्वांत जास्त पातळीचा अर्क, विषाणूशिवाय; आणि अ‍ॅसायक्लोव्हिर. अ‍ॅसायक्लोव्हिरची नोंदवलेली ५० टक्के रोधक तीव्रता प्रकार १ साठी ०.०२ ते १३.५ आणि प्रकार २ साठी ०.०१ ते ९.९ मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. इतकी पसरट आहे, कारण पेशी, विषाणूचे प्रमाण आणि मोजण्याची पद्धत यांवर ती अवलंबून असते. म्हणून दुसऱ्या प्रयोगशाळेतील अ‍ॅसायक्लोव्हिरचा आकडा उसना घेऊन स्वतःच्या अर्काशी त्याची तुलना करणे व्यर्थ आहे. स्वतःच्या पट्टीवर, त्याच दिवशी तो मोजावा, आणि तो नेहमीच्या आकड्यापासून ढळला असेल तर त्या दिवसाचे सर्वच निकाल बाजूला ठेवावेत. हे करायला जीवावर येते, पण करावेच.

तिसऱ्या नियंत्रणाचे महत्त्व मला उशिरा कळले. एका झाडाच्या सालीच्या अर्काने सर्व प्लाक नाहीसे केले होते आणि थर सुंदर जांभळा रंगला होता. आम्ही दोन आठवडे आनंदात होतो. मग कोणीतरी रंगवण्यापूर्वी पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि लक्षात आले की सगळ्या पेशी मेलेल्या होत्या. कातडे कमावताना टॅनिन जे करते तेच येथेही घडले होते : प्रथिने आवळली गेली, मृत पेशी तळाला चिकटून राहिल्या आणि क्रिस्टल व्हायोलेटने त्यांनाही रंगवले. क्रिस्टल व्हायोलेट जिवंत-मृत असा भेद करत नाही. ज्या विहिरीत प्लाक नाहीत तेथे पेशी जिवंत आहेत याचा वेगळा पुरावा असल्याशिवाय तो निकाल वहीत लिहू नये.

पायरी ५ : आकडे वाचणे

प्लाक निम्मे करणारी तीव्रता म्हणजे ईसी-५०. सीसी-५० भागिले ईसी-५० म्हणजे निवडकता निर्देशांक. सीसी-५० जर ४२० आणि ईसी-५० जर ३५ मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. असेल तर निर्देशांक १२ येतो. साधारणपणे १० पेक्षा जास्त निर्देशांक पुढील कामास योग्य मानतात, आणि कच्च्या अर्काची ईसी-५० १०० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. पेक्षा जास्त असल्यास तो फारसा आशादायक मानत नाहीत. हे संकेत आहेत, कायदे नव्हेत. मात्र ३ किंवा ४ निर्देशांकाच्या अर्काला ‘प्रभावी’ म्हणण्याचा मोह आवरावा.

प्लाक घटीच्या जोडीला विषाणूउत्पादन चाचणीही करावी. थोड्या विषाणूने संसर्ग करून २४ ते ४८ तासांनी तयार झालेला एकूण विषाणू मोजतात आणि घट लघुगणकात सांगतात : एक लघुगणक म्हणजे ९० टक्के घट, दोन म्हणजे ९९ टक्के. विषाणू एका पेशीत शेकड्यांनी-हजारांनी वाढू शकतो, म्हणून ५० टक्के घट ऐकायला जेवढी मोठी वाटते तेवढी ती नसते. डीएनए मोजण्यासाठी पीसीआर वापरणार असाल तर लक्षात ठेवावे की वनस्पतीतील फिनॉल द्रव्ये पीसीआरलाच अडवतात. अंतर्गत नियंत्रण नसेल तर विषाणू नाही असे खोटे चित्र दिसते.

पायरी ६ : अर्क नेमका कोठे अडवतो

येथे काम रंजक होते. पहिला प्रश्न असा की अर्क विषाणूला पेशीबाहेरच निकामी करतो का. विषाणू आणि अर्क एकत्र करून ३७ अंशांवर एक तास ठेवावे, मग १०० पट किंवा अधिक पातळ करून प्लाक मोजावेत. पातळ केल्यावर अर्काची तीव्रता ईसी-५० च्या खूप खाली जायला हवी. १०० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. पासून सुरुवात केली तर ती १ वर येते, आणि ईसी-५० जर ३५ असेल तर ते पुरेसे आहे. हे पातळ करणे विसरले तर ही चाचणी म्हणजे नेहमीची प्लाक घट चाचणीच ठरते. ज्येष्ठमधातील ग्लायसिऱ्हायझिन हर्पिस सिम्प्लेक्सच्या कणांना निष्क्रिय करते हे १९७९ मध्येच प्रकाशित झाले होते.

चिकटणे आणि आत शिरणे वेगळे ओळखण्यासाठी तापमानाचा उपयोग होतो. ४ अंशांवर विषाणू पेशीला चिकटतो पण आत शिरत नाही. म्हणून थंड पेशींवर अर्कासह विषाणू घालून, धुवून, मग उबेत नेले तर चिकटण्यावरील परिणाम कळतो. उलट, आधी अर्काशिवाय ४ अंशांवर चिकटवून, धुवून, अर्कासह ३७ अंशांवर नेले आणि मग पीएच ३ च्या सायट्रेट बफरने बाहेर उरलेला विषाणू मारला, तर शिरण्यावरील परिणाम कळतो. चिकटण्याच्या चाचणीत हेपरिन हे उत्तम तुलनाद्रव्य आहे. कडुनिंबाच्या सालीचा जलीय अर्क प्रकार १ ला पेशीत शिरण्यापासून रोखतो असे या प्रकारच्या चाचण्यांतूनच दिसून आले.

त्यानंतर वेळेनुसार चाचणी करावी. सर्व पेशींना एकाच वेळी संसर्ग व्हावा म्हणून विषाणूचे प्रमाण वाढवतात आणि अर्क संसर्गाच्या एक तास आधी, त्याच वेळी, मग १, २, ४, ६, ८, १२ तासांनी घालून शेवटी तयार झालेला विषाणू मोजतात. फक्त पहिल्या तासात परिणाम दिसला तर प्रवेशाचा टप्पा संशयित. चार-सहा तासांनी घालूनही परिणाम टिकला तर डीएनएची प्रत बनणे किंवा त्यापुढचे काही. अ‍ॅसायक्लोव्हिरचा वक्र त्याच आलेखावर काढला की अर्थ लावणे सोपे जाते. अ‍ॅसायक्लोव्हिरला दाद न देणाऱ्या, थायमिडिन कायनेजात दोष असलेल्या विषाणूप्रकारावर अर्क चालला तर त्याची वाट त्या विकरातून जात नाही एवढे निश्चित सांगता येते.

पायरी ७ : टॅनिन, प्रकाश आणि इतर फसवे मित्र

अर्काचा परिणाम फक्त ‘विषाणू आणि अर्क एकत्र ठेवले’ तेव्हाच दिसत असेल, तर प्रथम टॅनिनचा संशय घ्यावा. टॅनिन जवळजवळ कोणत्याही प्रथिनाला बांधतात, म्हणून ते बऱ्याच आवरणयुक्त विषाणूंना रोखताना दिसतात. अर्क पॉलिअमाइडच्या स्तंभातून किंवा अविद्राव्य पॉलिव्हिनाइल पायरोलिडोनवरून गाळून टॅनिन काढावेत आणि उरलेल्या भागाची चाचणी पुन्हा करावी. परिणाम नाहीसा झाला तर काय काम करत होते ते कळले. टॅनिनयुक्त अर्क निरुपयोगी असतो असे नाही, त्वचेवर लावायच्या द्रव्यासाठी त्याचा विचार होऊ शकतो. पण तो ‘विशिष्ट लक्ष्यावर काम करणारा नवा रेणू’ मात्र नव्हे. सीरमचे प्रमाण वाढवल्यावर क्रिया कोसळते का हेही पाहावे, कारण सीरममधील प्रथिने असे चिकट रेणू आधी गिळतात.

काही द्रव्ये फक्त उजेडात काम करतात. सेंट जॉन्स वर्टमधील हायपेरिसिनची विषाणूविरोधी क्रिया प्रकाशात फार वाढते. म्हणून पट्ट्या अंधारात किंवा ठरावीक प्रकाशात ठेवाव्यात, आणि संशय आल्यास दोन्ही स्थितींत चाचणी करावी. जलीय अर्कात जिवाणूंचे एंडोटॉक्सिन (त्यांच्या आवरणातील विषारी द्रव्य) असू शकते; ते पेशींना इंटरफेरॉन (विषाणूला रोखणारे प्रथिन) बनवायला लावू शकते; व्हेरो पेशी इंटरफेरॉन तयार करत नाहीत, त्यामुळे त्यांत ही अडचण कमी येते, पण मानवी पेशींवर दुसरी फेरी करताना तिचा विचार करावा. दुसरी फेरी करावीच : मानवी त्वचेच्या केराटिनोसाइट किंवा फायब्रोब्लास्ट पेशींत परिणाम टिकला नाही तर व्हेरोतील आकडे फारसे उपयोगी नाहीत.

पायरी ८ : कच्च्या अर्कापासून रेणूपर्यंत

कच्च्या अर्कातील क्रिया टिकून आहे याची खात्री झाल्यावरच तो हेक्झेन, इथिल अ‍ॅसिटेट, ब्युटॅनॉल आणि पाणी अशा वाढत्या ध्रुवीयतेच्या द्रावकांत विभागावा. प्रत्येक अंशाची विषाक्तता आणि प्लाक घट या दोन्ही चाचण्या समांतर कराव्यात, फक्त दुसरी नव्हे. सक्रिय अंश पुढे स्तंभ क्रोमॅटोग्राफीने आणि एचपीएलसीने (उच्च दाबाखाली घटक वेगळे करणाऱ्या द्रव क्रोमॅटोग्राफीने) तोडत न्यावा, आणि शुद्ध रेणूची रचना वस्तुमान वर्णपट व एनएमआरने (अणुकेंद्रकांच्या चुंबकीय अनुस्पंदनाने) ठरवावी. वाटेत क्रिया एकाएकी गायब होणे नेहमीचे आहे. रेणू तुटला असेल, स्तंभात अडकला असेल, किंवा दोन रेणू मिळून काम करत असतील. हे शेवटचे शोधण्यासाठी अंश पुन्हा एकत्र करून पाहतात. शुद्ध रेणूसाठी तीव्रता मायक्रोमोलरमध्ये सांगावी, आणि २५ मायक्रोमोलरपेक्षा कमी ईसी-५० असल्यास त्याला गांभीर्याने घ्यावे. रेणू आधीच माहीत असलेला निघाला तर निराश होऊ नये. अशी ओळख लवकर पटावी म्हणून वस्तुमान वर्णपट अगदी सुरुवातीला घेणे शहाणपणाचे ठरते.

अ‍ॅसायक्लोव्हिरसोबत अर्क किंवा रेणू दिल्यास दोघांची क्रिया एकमेकांना पूरक होते का, हे बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीने पाहतात : आडव्या रांगांत एकाच्या, उभ्या रांगांत दुसऱ्याच्या पातळ्या. या मांडणीत दोन्हींच्या एकत्रित विषाक्ततेचा वेगळा पट हवाच.

अहवालात काय लिहावे आणि काय लिहू नये

वनस्पतीचे पूर्ण शास्त्रीय नाव, हर्बेरियम क्रमांक, वापरलेला भाग, द्रावक, उतारा, डीएमएसओची अंतिम टक्केवारी, पेशी व पिढी, विषाणूप्रकार, प्रति विहीर प्लाकसंख्या, अर्क घालण्याची वेळ, सीरमचे प्रमाण, किती स्वतंत्र प्रयोग झाले आणि विचलन किती, एवढे नसेल तर दुसऱ्या कोणालाही तो प्रयोग पुन्हा करता येत नाही. ज्या अर्कांनी काहीच केले नाही त्यांचीही यादी द्यावी. पुढच्या विद्यार्थ्याचे सहा महिने वाचतात.

पट्टीवरील निकालावरून रोगावर उपचार सापडला असे लिहू नये. हर्पिसचा विषाणू चेतापेशींच्या गुच्छांत सुप्त राहतो आणि व्हेरो पेशींच्या चाचणीत ती सुप्तावस्था असतच नाही, त्यामुळे फोड पुन्हा येण्याबद्दल ही चाचणी काहीही सांगत नाही. अर्क त्वचेतून पुरेसा आत जातो का, पोटातून रक्तात पोहोचतो का, यकृत त्याचे काय करते, हे सारे प्रश्न पुढे उरतात. मेंदूचा हर्पिस किंवा नवजात बाळाचा हर्पिस यांत शिरेतून अ‍ॅसायक्लोव्हिर तातडीने द्यावे लागते. तेथे अर्काच्या भरवशावर तासभरही घालवता येत नाही. एखाद्या वाचकाने तुमचा निबंध वाचून औषध थांबवले तर दोष त्या वाचकाचा एकट्याचा नसेल, म्हणून सारांशातील पहिल्याच वाक्यात ‘पेशींच्या संवर्धनात’ हे शब्द घालावेत, आणि मूळ अर्काचा थोडा भाग, क्रमांक लिहून, उणे ८० अंशांवर राखून ठेवावा, म्हणजे कोणी शंका घेतली तर त्याच अर्कावर चाचणी पुन्हा करता येईल.